दहा दिवसांची सेवा-सहल : अमळनेर ते धडगाव, दोन वेळा

चर्चमधल्या तरुण मुला-मुलींना सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यावर सेवेला नेणाऱ्या एका सहलीबद्दल हे लिहिते आहे. पैसे आधी सांगते, कारण आई-वडील पहिल्यांदा तेच विचारतात. यंदा, म्हणजे मे २०२५ मध्ये, माणशी ४,२०० रुपये घेतले. त्यात अमळनेर ते नंदुरबार रेल्वे, पुढची एस.टी., दहा दिवसांचं जेवण, पाड्यावरच्या शाळेत मुक्काम आणि परतताना नवापूर तालुक्यातल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक रात्र, एवढं आलं. मी पहिल्यांदा गेले २०१३ साली. तेव्हा १,५०० रुपये होते आणि पप्पांनी ते दोन हप्त्यांत भरले होते. ज्यांना झेपत नाही त्यांची अर्धी फी मंडळी भरते, आणि कोणाची भरली ते बाकीच्या मुलांना कळू देत नाहीत. तेव्हाही देत नव्हते. हे मी सगळ्यात आधी सहल काढणाऱ्यांच्या पदरात टाकते.

सहल काढणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. माझा त्यांच्यावर जीव आहे, पण खाली तक्रारी आहेत. अशा सहली काढणाऱ्या मंडळ्या पुष्कळ आहेत, आणि या चुका त्यांच्यापैकी कुणाच्याही हातून होऊ शकतात.

तरुण संघातली मुलं याला मिशन ट्रिप म्हणतात. आजी ‘डोंगरनी सहल’ म्हणायची. निघायच्या आधी तीन शनिवार पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे पास्टर, वर्ग घेतात. सुट्टीत तरुणांनी थोड्या दिवसांसाठी सेवेला जायची ही पद्धत कशी वाढली ते त्यातच पहिल्यांदा ऐकलं. १९५७ साली जॉर्ज व्हर्वर नावाचा अमेरिकेतला कॉलेजचा विद्यार्थी दोन मित्रांना घेऊन सुट्टीत मेक्सिकोला गेला, आणि त्यातून पुढे ऑपरेशन मोबिलायझेशन ही ख्रिस्ती सेवासंस्था उभी राहिली. १९६० साली ‘यूथ विथ अ मिशन’ ही तशीच तरुणांची संस्था सुरू झाली. आज जगभरातून दरवर्षी किती तरी मुलं अशी आठ-दहा दिवसांसाठी बाहेर पडतात. वर्गाचे तीन शनिवार चुकवू नका. ज्यांनी चुकवले, त्यांना पाड्यावर गेल्यावर आपण कशाला आलोय हेच कळत नव्हतं.

२०१३ मध्ये मी अठरा वर्षांची होते. बारावी सायन्सची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, आणि डी.एड. करायचं असं घरात जवळपास ठरलेलं होतं. आम्ही चौदा जण होतो. सुरतकडे जाणाऱ्या पॅसेंजरने नंदुरबार, तिथून बसने शहादा, शहाद्याहून दुसरी बस धडगावला. म्हसावद सोडलं की केळीच्या बागा मागे पडतात आणि घाट लागतो. मे महिन्यातला सातपुडा हिरवा नसतो. पानगळ झालेले सागाचे उभे सोट, मध्येच एखादा मोह, आणि उताराला चिकटलेली दूर दूर घरं. धडगावहून पुढे काळी-पिवळी जीप, आणि शेवटचा तुकडा पायी.

तोपर्यंत मला वाटायचं, खानदेश म्हणजे कापूस, केळी, वांग्याचं भरीत आणि अहिराणी. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, हे मी शाळेत शिकले असेन, पण त्या दिवशी जीपमध्ये माझ्या आजूबाजूचे लोक पावरी ही तिथली आदिवासी बोली बोलत होते आणि मला एक शब्द कळत नव्हता. अमळनेरहून एका दिवसात पोहोचलो होतो. तरी मीच तिथं परकी होते.

राहण्या-खाण्याचं थोडक्यात सांगते. शाळेच्या दोन खोल्या, एकीत मुली, एकीत मुलं, खाली सतरंजी. विंचू असतात, रात्री उठलं की बॅटरी आणि चप्पल झटकणं सक्तीचं. जेवायला ज्वारीची किंवा मक्याची भाकर, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी. डाळीला आंबटपणा आमचुराचा. तो पाड्यावरच केलेला असतो. मे महिन्यात घरोघरी बायका कैऱ्या सोलून, कापून खडकांवर वाळत घालतात. मी आजवर खाल्लेल्या डाळींत ती डाळ वरच्या नंबरला आहे. संडासाची सोय तेव्हा वाईट होती, आता बरी आहे. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा करून घेतात आणि दोन दिवसांआड घरी बोलायला देतात. रोज सकाळी आपल्या-आपल्यात प्रार्थना आणि गाणी असतात. पाड्यावर कोणाला धर्म सांगायचा नाही, हे पालकांच्या सभेतच स्पष्ट सांगतात, आणि दोन्ही वेळेला ते पाळलं गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कामाच्या यादीत आमच्या नावावर तीन गोष्टी होत्या : शाळेची भिंत रंगवणं, मुलांना गाणी आणि खेळ शिकवणं, आणि अमळनेरहून गोळा करून नेलेले कपडे वाटणं. भिंत आम्ही निळी रंगवली. कपड्यांच्या गाठोड्यातून मे महिन्याच्या उन्हात लोकरीचे स्वेटर आणि उंच टाचांच्या चपला निघाल्या. एका म्हाताऱ्या आजीने ती चपल हातात घेऊन उलटीपालटी केली आणि अगदी शांतपणे परत गाठोड्यात ठेवली. मला अजून ते आठवतं आणि वाईट वाटतं.

चौथ्या दिवशी सरकारी आरोग्य पथक सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीला आलं. त्यांच्याबरोबर आशाताई, म्हणजे पाड्यावर आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविका, होत्या. त्यांना रजिस्टर लिहायला कोणी तरी हवं होतं. त्या आमच्या घोळक्याकडे आल्या आणि विचारलं, “अक्षर कोणाचं चांगलं आहे?” मी हात वर केला. माझ्या आयुष्याची दिशा त्या हाताने बदलली असं मी मानते.

तपासणी अशी होती. बोटाला सुई टोचून थोडं रक्त घेतात आणि नळीतल्या द्रावणात टाकतात. नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा नीट दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. पण माणूस नुसता वाहक आहे (म्हणजे त्याला स्वतःला आजार नाही, पण मुलांकडे जाऊ शकतो) की त्याला आजार आहे, ते या नळीतून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी दुसरी चाचणी करावी लागते. टेक्निशियन दादा प्रत्येक नळी उजेडाला धरून बघायचे आणि मला ‘गढूळ’ किंवा ‘स्वच्छ’ सांगायचे. दुपारपर्यंत माझ्या रजिस्टरमध्ये ‘गढूळ’ अकरा वेळा आलं होतं.

अकरावी होती चौदा वर्षांची एक मुलगी. तिला तपासणीच्या जागेपर्यंत चालता आलं नाही, म्हणून आम्हीच तिच्या घरी गेलो. कुडाच्या भिंतीला लावलेल्या बाजल्यावर ती पाय पोटाशी घेऊन पडली होती. तिचे गुडघे आणि कंबर ठणकत होती. सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ताप आला, फार श्रम झाले, थंडी वाजली किंवा अंगातलं पाणी कमी झालं की हे वाढतं. पथकाकडे एक पोस्टर होतं. आशाताईंनी मला म्हटलं, वाच. मी मोठ्याने वाचलं : भरपूर पाणी प्या, उन्हात जड काम करू नका, ताप आल्यास लगेच दवाखान्यात जा. तिच्या आईने पावरीत काही तरी विचारलं. आशाताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग मला म्हणाल्या, “ती विचारते, पाणी आणणार कोण?”

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी त्या मावशींबरोबर पाण्याला गेले. नाल्याच्या कोरड्या पात्रात एक झिरा होता, कोपरभर खोल खड्डा. त्यात पाझरेल तेवढं पाणी वाटीने हंड्यात भरायचं, मग थांबायचं, परत पाझरू द्यायचं. एक हंडा भरायला पाऊण तास लागला. आमच्यापुढे पाच बायका होत्या. आणि तिथं उभी असताना माझ्या लक्षात आलं की शाळेत आम्ही चौदा जण गेले चार दिवस जे पाणी पितोय, ज्याने हात-पाय धुतोय, ते याच झिऱ्यातून, याच बायकांच्या डोक्यावरून आलं आहे.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच. सेवा करायला आलेल्या तुकडीने गावावर भार टाकू नये, आणि आम्ही तो टाकला. कोणी जाणूनबुजून केलं नाही, फक्त कोणी विचारलंच नव्हतं. सहल मे महिन्यात असते, कारण कॉलेजला सुट्टी असते. डोंगरात पाण्याची सगळ्यात जास्त ओढ असते, तेव्हाच आपण पाहुणे म्हणून जातो. यंदा मात्र हे सुधारलेलं पाहिलं. तुकडी आठ जणांची केली आहे, आणि पाण्याचे ड्रम धडगावहून पिकअपमध्ये भरून आणतात. उरलेलं पाणी रोज संध्याकाळी आजूबाजूच्या घरांत जातं.

परत निघताना आशाताईंनी विचारलं, “परत कधी येशील?” मी म्हटलं, दिवाळीला. मला वाटलं हे असंच बोलायचं असतं. पण त्या दर महिन्याला मिस्ड कॉल द्यायच्या, आणि मी उलट फोन केला की पहिला प्रश्न तोच. शेवटी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी एकटी गेले. मम्मी दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आजी दारापर्यंत आली आणि म्हणाली, “कथा जाई ऱ्हायनी व पोरी एकलीच?” (कुठे निघालीस गं पोरी एकटीच?) आणि मग तिनेच पदराची गाठ सोडून शंभर रुपये दिले.

गेले तर ती मुलगी तिथं नव्हती. घराला बाहेरून काठी लावलेली. दिवाळी झाली की पाड्यावरची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात आणि होळीच्या सुमाराला परततात. माझ्या रजिस्टरमधल्या अकरा जणांपैकी पाच जण असेच गेले होते. दुसऱ्या चाचणीचे रिपोर्ट आले होते, पण द्यायला माणसं नव्हती. म्हणजे दुखणं वाढवणारं सगळं, जड काम, पहाटेची थंडी, ताप आला तरी न मिळणारी सुट्टी, तिच्या वाट्याला तिकडे उसाच्या फडात होतं, आणि तिचा कागद इकडे आशाताईंच्या पिशवीत होता.

मे महिन्यातल्या दहा दिवसांत हे मला कधीच दिसलं नसतं. म्हणून म्हणते, सहलीने मला घडवलं हे खरं, पण पहिली फेरी त्याची सुरुवात होती, आणि दुसऱ्या फेरीला मला आशाताईंनी ओढून नेलं.

डी.एड.चा फॉर्म मी तोपर्यंत भरला नव्हता. वर्ष वाया जातंय म्हणून घरात रोज बोलणं व्हायचं. पुढच्या वर्षी जळगावला डी.एम.एल.टी., म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, केलं. आज मी शहाद्याला लॅबमध्ये काम करते आणि गढूळ नळी माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. ती मुलगी आता सव्वीस वर्षांची आहे, हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या नियमित घेते, दुखण्याची कळ आधीपेक्षा कमी येते. तिने लग्नाआधी नवऱ्या मुलाची तपासणी करून घ्या असा हट्ट धरला होता. तिला स्वतःला आजार आहे, मग नवरा वाहक निघाला तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा स्वच्छ निघाला. तिच्या मुलाला आजार नाही, तो वाहक आहे, आणि हे त्याच्या आईला आजच माहीत आहे.

आता दुसरी तक्रार, भिंतीची. यंदा मी मदतनीस म्हणून गेले तेव्हा आमची निळी भिंत पिवळी होती. मधल्या वर्षांत तीन तुकड्यांनी तीन वेळा रंगवली, असं गुरुजींनी सांगितलं. शाळेला गळकं छत दुरुस्त करायचं आहे, भिंतीला काही झालेलं नाही. पण छताचं काम अठरा वर्षांच्या मुलांना जमत नाही, म्हणून आपल्याला जमतं ते आपण करतो आणि त्याला सेवा म्हणतो. १९९८ साली होंडुरासमध्ये मिच वादळाने हजारो घरं पडली, तेव्हा अमेरिकेतून तरुणांच्या तुकड्या घरं बांधायला गेल्या. कर्ट वर बीक नावाच्या अभ्यासकाने नंतर हिशेब मांडला : प्रवास धरून एका तुकडीने बांधलेल्या घरामागे सुमारे ३०,००० डॉलर पडले, आणि तिथल्याच संस्था तसं घर सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधत होत्या. घरात राहणाऱ्यांना कोणी बांधलं याने फारसा फरक पडला नव्हता. आणि जाऊन आलेल्यांचं काय? बहुतेकांच्या देण्यात, प्रार्थनेत, वागण्यात टिकून राहील असा मोठा बदल त्याला दिसला नाही. हे मी लॅबमधल्या रात्रपाळीत वाचलं आणि पाळकसाहेबांना फोन करून तासभर बोलले. ते चिडले नाहीत. म्हणाले, मग आपण काय करायचं ते सांग.

मी सांगितलं ते हे : भिंतीच्या रंगाचे पैसे धडगावच्या पेंटरला द्या, त्याचं पोट त्यावर आहे. मुलांना आशाताईंबरोबर, अंगणवाडीत, आमचूर करणाऱ्या बायकांबरोबर एकेक दिवस नुसतं राहू द्या, मदतनीस म्हणून, त्या सांगतील ते करत. यंदा त्यातलं निम्मं झालं. पेंटर लावला. मुलांनी दोन दिवस कैऱ्या सोलल्या, बोटं कापून घेतली, आणि दिवसभराच्या राबण्यातून हातात केवढा थोडा आमचूर येतो हे पाहिलं. कपड्यांची गाठोडी मात्र यंदाही होती. ती बंद झाली पाहिजेत.

तिसरी तक्रार फोटोंची आहे आणि ती मी हळू आवाजात लिहू शकत नाही. यंदा तपासणीच्या दिवशी सहलीच्या एका मुलाने एका लहान मुलीचा फोटो काढला आणि खाली ‘सिकलसेलग्रस्त बालिका’ असं लिहून देणग्यांच्या पत्रकात तो छापायला गेला. तिच्या आईला विचारलं नव्हतं. डोंगरात सगळे एकमेकांना ओळखतात. आज पाच वर्षांची असलेल्या मुलीचं नाव आजाराशी जोडलं गेलं, तर तिच्या लग्नाच्या बोलण्यात ते निघणार. मी लॅबमध्ये बापाचा रिपोर्ट मुलालासुद्धा बापाच्या परवानगीशिवाय दाखवत नाही. मी भांडले. दोन दिवस लागले, पण पत्रक थांबलं. पुढच्या वर्षीपासून फॉर्मवरच लिहा की पाड्यावर माणसांचे फोटो काढायचे नाहीत. एवढं झालं तर मी माझ्या भाचीला निर्धास्त पाठवीन.

काही गोष्टी खरंच बदलल्या आहेत. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं त्यात ठरलं आहे. आता काही ठिकाणी जागच्या जागी निकाल देणारी किट येतात. पण रजिस्टर लिहायला चांगलं अक्षर अजून लागतं, आणि कागद माणसापर्यंत पोहोचवायला पाय लागतात. यंदाच्या आठ मुलांना आम्ही हेच काम दिलं. जुन्या यादीतल्या घरी जायचं, आशाताईंच्या मागे चालायचं, आणि माणूस भेटला नाही तर तो कुठे गेला आणि कधी येणार ते लिहायचं.

तोरणमाळची एक दिवसाची सैर यादीत आहे. तलाव सुंदर आहे, हवा गार आहे, मुलं खूश होतात, ती ठेवा. नवापूरकडच्या मंडळीतला रविवार मात्र कोणी चुकवू नये. तिथली उपासना मावची या आदिवासी बोलीत चालते. पहिल्या वेळी मला वाटत होतं आपण विश्वास घेऊन आदिवासी भागात चाललो आहोत, आणि तिथं तर पणजोबांच्या काळापासूनचे ख्रिस्ती आजोबा भिंतीला टेकून, डोळे मिटून, एकही पुस्तक न उघडता एकामागून एक गाणी म्हणत होते. त्यांनी आमच्यासाठी प्रार्थना केली. चौदा जणांची नावं विचारून, एकेक नाव घेऊन केली.

कोणाला पाठवावं? सोळाच्या खाली नको. दमा, फिट्स, सिकलसेल असं काही असेल तर आधी सांगा. फॉर्मवर हा रकाना अजूनही नाही, तो असायला हवा. जो मुलगा ‘मी तिकडे जाऊन काय करून दाखवू’ असं विचारतो त्याला तीनही शनिवार बसवा. बरोबर दोन वाट्या, बॅटरी, बंद बूट आणि वही. खायचे खाऊचे पुडे नेऊ नका, चॉकलेटच्या चांद्या महिनोन्‌महिने अंगणात उडत राहतात.

पाचपैकी मी साडेतीन गुण देते. एक गुण पूर्ण, मागे चालणाऱ्या कामासाठी : आता सहा महिने दर पहिल्या शनिवारी तुकडी परत भेटते आणि दरवर्षी तोच पाडा धरला आहे. २०१३ ला हे असतं तर आम्हा चौदा जणांपैकी मी एकटीच परत गेले नसते असं मला वाटतं. दीड गुण कापला तो कपड्यांचा आणि फोटोचा.

ऑगस्टच्या बैठकीला आठांपैकी तिघं आली. त्यातल्या एका मुलाने, धरणगावजवळच्या खेड्यातला आहे, आयटीआय करतो, फारसा बोलत नाही, बैठक संपल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, शहाद्याहून धडगावची पहिली गाडी किती वाजता सुटते?” त्याच्या वहीत दोन नावांपुढे ‘भेटले नाहीत’ असं लिहिलेलं होतं. मी त्याला आशाताईंचा नंबर दिला आणि म्हटलं, गाडीचं नंतर बघू, आधी त्यांना फोन कर आणि विचार, सध्या पेरणी-निंदणीचे दिवस आहेत, तुम्हाला कधी चालेल.